धुऱ्यावरची चप्पल

नमस्कार मंडळी. कमिटीने मला विषय दिला, जुन्या ख्रिस्ती विचारवंतांकडून काय शिकायचं. आता मी ना ख्रिस्ती ना विद्वान, वरुडकडचा संत्रावाला माणूस, त्यामुळे काही चुकलंमाकलं तर चहाच्या वेळी सांगा.

आपल्यात हा विषय निघाला की पहिलं नाव टिळक, लोकमान्य नव्हे, रेव्हरंड नारायण वामन. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार वाचायला दिला, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्तावर लिहिलं ते अभंगात नि ओवीत. पण त्यांच्यावर बोलणारे इथे माझ्याहून चांगले बसलेत. मला बोलायचंय एका नाशपातीचोरावर.

ऑगस्टीन. जन्म ३५४ चा, गाव थागास्ते, आजच्या अल्जिरियात. पुढे हिप्पो नावाच्या शहराचा बिशप झाला, मोठा माणूस. पण आपल्या 'कन्फेशन्स' पुस्तकात तो सोळाव्या वर्षी पोट्ट्यांसोबत रात्री शेजारच्या झाडाच्या नाशपात्या चोरल्या ते सांगत बसतो, चांगली पानंच्या पानं. घरी यापेक्षा चांगल्या होत्या, भूक नव्हती, बहुतेक डुकरांना टाकल्या. मग का चोरल्या? चोरायची मजा म्हणून, आणि एकटा असतो तर केलंच नसतं, असं तो स्वतःच म्हणतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं! आणि मग झोप आली नाही, कारण आमच्या घरी संत्र्याची दोनशे झाडं असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं शेजारच्या काकांच्या वावरात घुसलो होतो, दोन संत्री खाल्ली असतील, बाकी आंबट निघाली ती नाल्यात लाथेने उडवली. काकांचं त्या बहारावर कर्ज होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसरा माणूस आपल्या नागपूरचा, स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव माहीत असतं, माणूस नाही. स्कॉटलंडहून येऊन १८४५ मध्ये नागपुरात पोचलेला मिशनरी, त्याची धर्मांतराची बाजू मला पटत नाही, हे सरळ सांगतो. पण गोंडांचं लिंगोचं गाणं, म्हणजे त्यांच्या पुराणपुरुषाची कथा, जे आपल्या शिकलेल्या लोकांनी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं, ते त्याने उतरवून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना रात्री नाल्याच्या पुरात गेला, कागद त्याच्यामागे १८६६ मध्ये छापले गेले. दगड, गाणं, जीवाश्म, सगळ्यापाशी थांबायचा बुवा. ऑगस्टीन स्वतःच्या चोरीपाशी थांबला, हा दुसऱ्याच्या गाण्यापाशी. मला दोघांचं तेवढंच घ्यायचंय, त्यांचा देव त्यांच्यापाशी.

तर मागच्या वर्षी मी काकांना फोन केला. चाळीस वर्षांनी! म्हटलं काका, एक सांगायचंय, तुमच्या वावरातली संत्री आम्ही... काकांनी पूर्ण बोलूच दिलं नाही.

"मले तवाच माहीत होतं बे," म्हणाले. "तुही एक चप्पल धुऱ्यावर राह्यली होती. तुह्या बापाले नेऊन देल्ली मी."

बाबांनी ती चप्पल मला कधी दिली नाही, आणि काही बोललेही नाहीत.