क्षयाची गोळी आणि हाताची फडक

नमस्कार श्रोतेहो. औषधांना दाद न देणारा क्षय ज्या घरात येऊन गेला, तिथे सायक्लोसेरिन हे नाव ठाऊक असतं. मोठ्या माणसाला रोज साधारण ५०० ते ७५० मिलिग्रॅम. हे प्रतिजैविक क्षयाच्या जंतूला भिंत बांधू देत नाही. पण ते मेंदूतही पोहोचतं.

२००४ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी धडधाकट माणसांना ते फक्त १०० मिलिग्रॅम दिलं. आता मोजतात कसं, ते ऐका. डोक्यावर, मेंदूचा हात हलवणारा भाग असतो तिथे, चुंबकीय कॉइल धरतात. टक् आवाज होतो आणि हाताचा लहानसा स्नायू फडकतो. त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड ती फडक मोजतात. दहा ठोक्यांत निदान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टची फडक देणारा सर्वांत कमी जोर, तो त्या माणसाचा उंबरठा. कॉइल काही मिलिमीटर सरकली की आकडा फिरतो, म्हणून जागेवर खूण करतात. आणि माणसाने नकळत मूठ आवळली, तर फडक मोठी येते. श्रेय मात्र औषधाला जातं! म्हणून हात सैल हवा. पुन्हा सांगतो, हात अगदी सैल.

तर निकाल काय? नुसत्या गोळीने काहीच हललं नाही. पण डोक्यावरून सौम्य वीजप्रवाह देऊन मेंदूची उत्तेजनक्षमता वाढवली, तेव्हा ती वाढ गोळीमुळे जास्त वेळ टिकली. उलट्या प्रवाहाने उत्तेजनक्षमता घटते. ती घट काही लांबली नाही. औषध एनएमडीए ग्राहीवर, म्हणजे मेंदूच्या पेशीवरच्या एका दारावर, ग्लायसिन या रसायनाच्या जागी बसतं, पण ते दार उघडायला ग्लुटामेट हे दुसरं रसायनही लागतं. एकट्या गोळीचं तिथे चालत नाही.

हे ऐकून कोणी सीताबर्डीच्या दुकानात तरतरीसाठी गोळी मागू नये. सर्दीला प्रतिजैविक मागणारे आपल्याकडे आधीच कमी नाहीत, आणि देणारेही.

क्षयाच्या पूर्ण मात्रेचं गणित वेगळं. तिथे झटके, उदासी, भ्रम होऊ शकतात. म्हणून सोबत बी-६ची गोळी देतात, ती चुकवू नका. दारू पूर्ण बंद. तिने झटक्याचा धोका वाढतो. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साचतं. रुग्णाला फेफरं येत असेल, मनाचा आजार होऊन गेला असेल, तर पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना सांगा. रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा झटका आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.