नायिकेच्या जखमेनंतरची पाने कोणाची?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली अनेकांनी एकच प्रश्न विचारला आहे : वंडर वूमन १९४१ पासून आहे, मग सुपरहिरो कॉमिक्समध्ये सशक्त नायिका कमी आहेत असे का म्हणायचे? कमी नाहीतच. शी-हल्क, स्टॉर्म ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्या शक्तींची यादी मी वाचत बसत नाही. माझी तक्रार ‘सशक्त’ या शब्दाविषयीच आहे. इमारत उचलता आली म्हणजे व्यक्तिरेखा खोल झाली, हे मला पटत नाही. नायिकेला इजा झाल्यावर पुढची पाने कोणाला मिळतात, हे मी आधी पाहते.

१९८८ च्या ‘द किलिंग जोक’ या बॅटमन कॉमिकमध्ये बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, घराचे दार उघडते आणि समोर उभा असलेला जोकर तिच्यावर गोळी झाडतो. तिथून कथा तिच्या वडिलांच्या मनोधैर्याची आणि बॅटमन-जोकरच्या वैराची होते. प्रथम वाचताना मी जोकरच्या पूर्वायुष्यात इतकी गुंतले होते की बार्बराचे पुढे काय झाले, हा प्रश्न मलाही पडला नाही, आणि हे सांगताना आजही संकोच वाटतो. १९८९ मध्ये लेखक किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला ओरॅकल केले : व्हीलचेअरवर बसून, संगणकाच्या बळावर इतरांना माहिती पुरवणारी. जखम तीच होती, पाने मात्र आता तिची होती.

‘मग नायिकेला काही होऊच द्यायचे नाही का?’ असे एकाने चिडून लिहिले आहे. अवश्य होऊ द्यावे. स्टॉर्मची शक्ती १९८४ मध्ये गेली आणि १९८६ मध्ये, शक्ती नसतानाच, तिने सहकारी सायक्लॉप्सला हरवून एक्स-मेन या सुपरहिरो-संघाचे नेतृत्व मिळवले. याउलट, १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्या प्रेयसीचा मृतदेह त्याला फ्रिजमध्ये सापडतो तो केवळ त्याने पेटून उठावे म्हणून. लेखिका गेल सिमोन यांनी अशा पात्रांची यादी १९९९ मध्ये केली, तिला ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ हे नाव मिळाले ते याच फ्रिजवरून.

कॅरल डॅनव्हर्स, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरो-संघातील मिस मार्व्हल, हिचे प्रकरण मला सर्वांत अस्वस्थ करते. १९८० मध्ये तिच्या मनावर ताबा मिळवून तिला गरोदर करणाऱ्या पुरुषासोबत ती निघून जाते आणि अ‍ॅव्हेंजर्स तिला खुशाल निरोप देतात. पुढच्याच वर्षी लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी तिला परत आणले, आणि त्या कथेत ती आपल्या मित्रांना समोरासमोर विचारते की त्यांनी एकदाही शंका का घेतली नाही.