येळवशीची आदली रात्र
(एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिलाय ‘हिवाळ्यातल्या जत्रा आणि उत्सव’. हा विषय तासाभरात संपवायचा म्हटलं तर माळेगावची जत्रा, नळदुर्गचा खंडोबा, तुळजापूरचं शाकंभरी नवरात्र, जालन्याच्या चर्चमधला नाताळ, भोगी-संक्रांत अशी नुसती नावं घेऊन मला खाली बसावं लागेल. तसं मी करणार नाही. मी फक्त येळवशीवर, रानात जाऊन करायच्या या एका सणावर बोलणार आहे. समोर निम्मे लोक औसा, निलंगा, उमरगा भागातले दिसतात, त्यांना मी येळवस काय सांगणार? पण मागच्या रांगेत बदली होऊन आलेली बँकेतली, कॉलेजातली मंडळी बसली आहेत. त्यांच्यापैकी एक जण मघाशी मला म्हणाले, “पहिल्या वर्षी त्या दिवशी लातुरात साधा चहा मिळाला नाही हो, आम्हाला वाटलं दंगल झाली.” दंगल वगैरे काही नव्हतं, गाव रानात गेलं होतं.

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. सरकारी कागदावर ती ‘वेळ अमावस्या’ होते आणि जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथं त्या दिवशी शुकशुकाट असतो. पोरांच्या नाताळच्या सुट्ट्या, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतल्या वर्षअखेरच्या रजा आणि ही अमावस्या साधारण एकाच सुमाराला येतात, म्हणून अलीकडं गर्दी आणखी वाढलीय. पण इंग्रजी महिन्याशी येळवशीचं काही देणंघेणं नाही. २३ डिसेंबर २०२२ ला ती झाली, पुढं अधिक श्रावण आला आणि नंतरची थेट ११ जानेवारी २०२४ ला पडली. २०२३ साल अख्खं बिनयेळवशीचं गेलं. आणि २०२४ मध्ये ती दोनदा आली, कारण पुढची ३० डिसेंबरला होती. कॅलेंडर छापणारे गोंधळले असतील, शेतकरी काही गोंधळला नाही. त्याला फरक पिकात दिसतो. लवकर आली तर ज्वारी नुकती निसवलेली, कणसं बाहेर पडलेली असते, उशिरा आली तर रानातच हुरडा खायला मिळतो.

लातूर आणि धाराशिव हे तिचे मुख्य जिल्हे. पण जिल्ह्यांच्या नकाशावर ती नीट बसत नाही. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते इकडं आले, बीदर तिकडं राहिलं. सण मात्र दोन्हीकडं राहिला. आजही बीदर, कलबुर्गीकडची माणसं याच अमावस्येला डबे बांधून शेतात जातात. रानात फिरताना द्यायची आपली ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ ही आरोळी घ्या. दर दहा कोसांवर तिचे शब्द थोडे पालटतात, पोरं अर्थ न विचारता ओरडतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला कानडीचा वास लागल्याशिवाय राहत नाही.

आता रानात काय होतं ते थोडक्यात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात, वरून शाल किंवा हिरवं लुगडं. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पाच पांडव. लक्ष्मीची पूजा होते. मग एक जण पुढं होऊन शेतात आंबिल शिंपडत जातो आणि मागचे आरोळी देत चालतात. संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवतात. दूध उतू घालतात, ते ज्या दिशेला उतू जाईल त्या बाजूनं पुढच्या साली पाऊस-पीक चांगलं, असं म्हातारे सांगतात. आमच्याकडं पातेलं नेहमी चुलीच्या उताराकडंच उतू जायचं. तिकडं पीक कसं येई, ते आमच्या वडिलांनी कधी मोजलं नाही.

हे सगळं तुम्हाला वर्तमानपत्रात फोटोसकट दरवर्षी वाचायला मिळतं. मला बोलायचंय ते आदल्या रात्रीबद्दल, कारण त्या रात्रीचा फोटो कुणी काढत नाही.

आंबिलापासून सुरू करू. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबायला ठेवायचं, ते काही त्या दिवशी सकाळी होत नाही. मग त्यात लसूण, आलं, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर. ते ज्यात भरतात ती मातीची बिंदगी कुंभाराकडून आणून, चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढून वाळवून ठेवायची. बाजरीचे उंडे वळून उकडायचे. गव्हाची खीर, आणि खिरीसाठी गहू आधी भिजवून, कांडून ठेवलेला. तिळाच्या, शेंगदाण्याच्या पोळ्या. ज्वारी-बाजरीच्या भाकरी, त्याही दहा-वीस नव्हे, पन्नास माणसं येतील असं धरून.

आणि भज्जी. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, ही तळायची भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, वांगी, गाजर, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, बोरं, चिंच, असं त्या दिवसांत रानात आणि बाजारात जे जे मिळेल ते सगळं. नंतर डाळीचं पीठ ताकात कालवून त्यात सोडायचं. कुणी सोळा भाज्या सांगतात, कुणी छत्तीस. मोजदादीचा हा हट्ट पुरुषांचा. करणारीला आकडा सुचत नाही, तिला शेंगांचा ढीग दिसत असतो.

तो ढीग मी लहानपणी पाहिलाय. आई आणि दोन चुलत्या कंदिलाजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. पाचसहा शेंगांतून निघतात ते दाणे मुठीच्या तळाशी बसतात, आणि भरायचं असतं मोठं पातेलं. सोलून सोलून अंगठ्याचं नख हिरवं-काळं व्हायचं. त्याच दिवशी सकाळी दव असताना हरभऱ्याचा पाला खुडलेला असायचा. त्या पाल्यावर आंब असते, बोटाला बारीक चीर असेल तर ती अशी झोंबते की हात झटकावा लागतो. तशाच बोटांनी रात्री मिरच्या कुटायच्या. पीठ सोडताना धाकटी चुलती पातेलं ढवळायची आणि आई बारीक धार धरायची. गुठळी झाली तर उद्या पाहुण्यांपुढं नाव जाणार, म्हणून तेवढा वेळ कुणी बोलत नसे. पहाटे तीन-चारच्या सुमारास चूल विझायची. सहाला बैलगाडी जुंपायची. बिंदगी डोक्यावर घेऊन पुढं मिरवायचा मान मात्र घरातल्या पुरुषाचा.

दुपारी रानात जो थाट दिसतो तो या रात्रीवर उभा असतो. येळवशीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची आणि हाक ऐकणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. ज्याला शेत नाही त्यालाही येळवस आहे, कारण कुणाच्या ना कुणाच्या शेतात त्याचं ताट आहे. मास्तर, तलाठी, बँकेतला कारकून, एस.टी.चा कंडक्टर, सगळे चार-चार कोपींवर आंबिल पिऊन संध्याकाळी जड होऊन परततात. आमच्या बांधाला लागून एका मुसलमान कुटुंबाचं शेत होतं, त्यांच्या रानातही कोप असायची आणि त्यांच्या घरच्या आंबिलाला आमच्यापेक्षा जास्त लसूण असायचा. आम्ही पोरं तिकडंच आधी पळायचो.

याचं कौतुक करताना आपण एक गोष्ट मात्र सोयीनं विसरतो. ‘सगळे एकत्र जेवतात’ हे वाक्य माझ्या लहानपणी पूर्ण खरं नव्हतं. आमचा सालगडी आणि त्याच्या घरचे बांधाच्या पलीकडं बसायचे, आणि त्यांचं वाढणं शेवटी व्हायचं. शेंगा सोलायला त्याची बायको रात्री आमच्या अंगणात यायची, चुलीपाशी नव्हे. आता बऱ्याच ठिकाणी पंगत एक झालीय. सगळीकडं झालीय असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका.

रानही बदललं. सोयाबीन आल्यापासून खरिपाचा सगळा जोर त्याच्यावर, त्यामागं हरभरा. रब्बी ज्वारीचा पेरा आटला, तसा कडबाही आटला. जनावरं कमी झाली ते वेगळंच. परवा एका शेतात मी हिरव्या शेडनेटची कोप पाहिली. शेतकऱ्याला विचारलं, तर म्हणाला, “कडबा विकत आणून लक्ष्मी बसवायची का गुरुजी?” त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं.

बीड, केज, धारूरकडची परिस्थिती अजून निराळी. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं. आपण इकडं एका दिवसासाठी हौसेनं कोप बांधतो, ते लोक कारखान्याच्या भोवती कोपीत अख्खा हंगाम काढतात. त्यांची संक्रांत फडातच होते, आणि उसाचं ओझं त्या दिवशीही चुकत नाही. हिवाळा हा सुगीचा आणि जत्रांचा काळ असं आपण सरसकट बोलतो, तेव्हा ही गावं डोळ्यांपुढं ठेवावीत.

हुरडा पार्टीबद्दल मला नेहमी विचारतात. माझा तिला विरोध नाही. संभाजीनगरच्या आसपास, परभणीकडं माणशी पैसे घेऊन कणसं भाजायची आगटी पेटवतात, गुळभेंडी ज्वारीचा हुरडा, जवसाची चटणी, दही, गूळ, उसाचा रस, झोपाळा, बैलगाडीतून फेरी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हा वाण काढला. शेतकऱ्याच्या हातात हिवाळ्यात चार पैसे येत असतील तर नाकं मुरडायचं कारण नाही. ते दुकान आहे, आणि दुकान म्हणून चांगलं आहे.

पण गेल्या आठवड्यात काही उत्साही मंडळींनी माझ्याकडं येऊन सांगितलं की लातुरात मैदानावर ‘येळवस महोत्सव’ भरवायचा, तयार कोप, तयार आंबिल, भज्जीचे स्टॉल, शंभर रुपये कूपन. त्यांचा हेतू चांगला होता. म्हणे आजकाल घरी करायला कुणी नाही, सुना नोकरी करतात, सासवा थकल्या, सण बंद पडेल. अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती, आणि औषध चुकीचं आणलं होतं. ‘करायला कुणी नाही’ म्हणजे काय? खायला तर त्या दिवशी गाडी भरून माणसं येतात. पुण्याहून रात्रभर प्रवास करून पोरं पोहोचतात ती दुपारी बाराला, थेट पंगतीला. चारला परत निघतात. निघताना गाडीच्या डिकीत उरलेली भज्जी आणि उंडे. ज्या घरात पाच धडधाकट पुरुष आहेत तिथं दोन बायका रात्रभर जागतात, आणि मग आपण सभा घेऊन परंपरेची काळजी करतो.

म्हणून कूपन छापण्याआधी एवढं करा. यंदा रजा एक दिवस आधीची टाका. येळवशीच्या आदल्या दिवशी उजेड असताना घरी पोचा. बिंदगी कुंभाराला आठ दिवस आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. येताना बाजारातून सोललेले वाटाणे आणू नका, त्यांचा भज्जीत गाळ होतो. जावयांनाही बोलवा आणि बसवा. तुरीच्या शेंगा सोलायला चाकू लागत नाही, स्वयंपाक यावा लागत नाही. नख वाढवलेलं असलं तर उत्तम.

माझा वेळ संपला. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या बँकेच्या साहेबांनी मघाशी हात वर केला होता, ते यंदा कुणाच्या शेतात जाणार हे आधी ठरवून घेऊ.