पैठणीचा फोटो: दोन कोन आणि एक काळा कागद

नमस्कार विणकर मंडळी. बोलायच्या आधी ही साडी जरा उलगडतो. ताणा, म्हणजे उभे धागे, हिरवा; बाणा, म्हणजे आडवे धागे, निळा. समोरच्या ताईंना ती हिरवी दिसतेय आणि खिडकीपाशी बसलेल्या काकूंना निळी. दोघींचंही बरोबर आहे. फोटो काढणाऱ्याची अडचण इथंच सुरू होते, कारण कॅमेरा एका वेळी एकाच जागी उभा राहतो.

मला हे महागात पडून कळलं. अशाच एका साडीचा मी एकच फोटो काढून वेबसाइटवर टाकला होता. एका बाईंनी ती मागवली आणि आठ दिवसांत परत पाठवली. ‘फोटोत निळी होती, घरी हिरवी निघाली.’ त्यांचं काय चुकलं? दुकानात आल्या असत्या तर पदर हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला असता. वेबसाइटवर ते काम फोटोनंच करायचं असतं. तेव्हापासून धूपछाव रंगाच्या साडीचे मी दोन कोनांतून दोन फोटो काढतो आणि शेजारी-शेजारी लावतो. जमलं तर पदर हलवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओही.

उजेडासाठी उत्तरेकडची खिडकी बघा. थेट ऊन येत असेल तर पांढरी मलमल ताणून लावा. आणि घरातले दिवे बंद करा, सगळे. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळट. दोन्ही एकत्र पडले की रंग नंतर कितीही दुरुस्त केला तरी साडीची एक बाजू बिघडलेलीच राहते. भिंतीही रंग फेकतात. पिस्ता रंगाच्या भिंतीजवळ शिरोदक, म्हणजे पांढरी पैठणी, ठेवून पाहा. हिरवट छटा चढलेली दिसेल. पहिल्या फोटोत साडीवर एक करडं कार्ड ठेवा, पुढच्या सगळ्या फोटोंचा रंग त्यावरून जुळवता येतो.

आता जर, म्हणजे पदराचा सोनेरी धागा. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैठणीचा जीव पदरात आणि पदराचा जीव जरीत. जर आरशासारखी असते, समोर जे असेल तेच दाखवते. चहूबाजूंनी पांढरं ठेवलंत तर तिला दाखवायला पांढरंच उरतं आणि सोनेरी रंग विटतो. म्हणून एका बाजूला थर्माकोलची शीट आणि दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, काळा कार्डशीट धरा. जरीत काळसर सावली उतरते आणि तिच्यावरची रेशमी मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, एकदम उठून दिसते. मोबाइलवर जरीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेड थोडा कमी करा. किंचित काळपट आलेला फोटो उजळता येतो, पांढरी फक्क पडलेली जर परत आणता येत नाही.

काठ वाकडे येतात अशी तक्रार बरेच जण करतात. साडीच्या अगदी जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढलं की तसं होतं. चार पावलं मागे या आणि दोन पट झूम वापरा.

एक फोटो मात्र कधीच चुकवू नका: पदराची मागची बाजू. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी मागूनही जवळजवळ समोरच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे, कापलेले धागे लोंबतात. तुमच्या महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? आणि तोच फोटो निम्म्या वेबसाइटवर नसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फाइलचं थोडक्यात सांगतो. लांब बाजू 2000 पिक्सेल, रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबसाइटवर चालणाऱ्या नेहमीच्या रंगपद्धतीत, वजन 300 केबीच्या आसपास. अॅमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, पण स्वतःच्या वेबसाइटवर हलका करडा रंग ठेवा. पांढऱ्यावर शिरोदकाची कड हरवते.

चला, खिडकीत उजेड छान आलाय. काकू, तुम्ही पदर धरा. ताई, तो काळा कागद इकडे, अजून थोडा खाली… बघा, मुनियेची चोच दिसायला लागली.