शक्तिमाननं हवा धरली

[दृश्य : दाराच्या कडेला पिवळ्या रंगाचा पोपडा, खाली हिरवा]

वरचा पिवळा रंग नंतरचा. सैन्याचा हिरवा रंग खासगी गाडीला लावायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून लिलावातून सुटलेली गाडी आधी रंगाऱ्याकडं जाते. दाराच्या कडा मात्र त्याच्या हातून राहतातच.

ही शक्तिमान, सैन्याचा जुना ट्रक. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या आयुध निर्माणीत 1959 पासून बनू लागली, 1996 मध्ये बंद झाली. या काळात सैन्याचं रेशन, दारूगोळा, जवान तिच्या पाठीवरून सीमेपर्यंत गेले. आता इंदूर-महू रस्त्यावर राऊजवळच्या या गॅरेजात तिचा मुक्काम असतो. भेरूघाटात ट्रक कलंडला, पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत ट्रॉली रुतली, की हिला बोलावणं येतं.

[दृश्य : बोनेट उघडं, हँड पंप मारणारा हात]

तक्रार अशी : सकाळी सेल्फ मारून मारून बॅटऱ्या बसायला येतात, तेव्हा कुठं इंजिन उठतं. थोडा वेळ नीट चालतं. चढावर जोर लागला की फुरफुरतं आणि बंद पडतं. कुणी म्हणालं डिझेलचा पंप बदला, कुणी म्हणालं इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. दोन्ही खर्चाची कामं. मिस्त्रीकाकांनी दोन्हींना हात लावला नाही. ते टाकीकडून निघाले. आमच्या मते या गाडीची सगळी विद्या त्या सवयीत आहे.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. या टप्प्यात नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर टपकत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. खाली ओल दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं, आणि सकाळी बिचाऱ्या सेल्फला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. चढावर डिझेलसोबत हवाही ओढली गेली, की इंजिन फुरफुरतं.

[दृश्य : पारदर्शक नळी, जवळून]

हे बघा. फीड पंपाच्या अलीकडं वीतभर पारदर्शक नळी जोडली आहे. इंजिन चालू आहे. एक बुडबुडा. मग ओळीनं बुडबुडे. काका चासिसखाली सरकत एकेक क्लिप चिमटीत दाबत जातात. आडव्या पट्टीमागची क्लिप दाबली आणि बुडबुडे थांबले. क्लिप सोडवून रबरी नळी वाकवली. चीर बरोबर क्लिपच्या खालीच.

नळी नवी घातली. मग फिल्टरच्या बोल्टांचे तांब्याचे वॉशर. एकदा आवळलेलं तांबं दबून कडक होतं, तसंच बसवलं तर पुन्हा हवा घेतं. नवे मिळाले तर उत्तमच. इथं काका जुनेच वॉशर ब्लोलॅम्पवर लाल करतात आणि पाण्यात सोडतात. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं. हा शॉट आम्ही मुद्दाम कापलेला नाही.

[दृश्य : फिल्टरवरचा स्क्रू, त्यातून येणारा फेस]

आता हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून डिझेल पुढं ढकलणारा हँड पंप मारायचा. आधी ताकासारखा फेस येतो, मग फुसफुस, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तेच पुढं इंजिनाच्या डिझेल पंपावर, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून. नोझलच्या फवाऱ्यापुढं बोट कधीही धरू नये. ते डिझेल कातडी भेदून आत जातं; तसं झालं तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

[दृश्य : इंजिन सुरू, पांढरा धूर विरतो]

थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावर तो जायला हवा. काळा राहिला तर आधी एअर फिल्टर बघावा. निळा राहिला तर ऑइल जळतंय.

[दृश्य : गाडीखालून मागचा डिफरन्शियल]

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गोळा. त्यावर पांढऱ्या रंगाचा डाग अजून आहे. रात्री हेडलाइट बंद ठेवून ताफा निघायचा, तेव्हा त्या डागावर छोटा दिवा लागे आणि मागचा ड्रायव्हर तेवढ्या पांढऱ्यावर नजर ठेवून गाडी हाकत असे.

पुढच्या चाकांची ताकद चिखलापुरतीच. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळलं की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, शाफ्टमध्ये ताण साठतो आणि लिव्हर अडकतो. हातोडी घेऊ नये. गाडी सरळ थोडी मागं घ्यावी, लिव्हर आपोआप सुटतो.

डिझेल ही भरपूर पिते, धूर आजच्या मापात बसत नाही, फिटनेसचा प्रश्न दरवेळी उभा राहतो.

[दृश्य : शिकाऊ मुलगा, बोटावर दुधाळ ऑइल]

मागच्या ॲक्सलचं ऑइल दुधाळ झालंय, म्हणजे पाणी गेलंय. ॲक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं भोक, मातीनं बुजला होता. गरम ॲक्सल ओढ्यात उतरला, आतली हवा आकसली, आणि सीलमधून पाणी ओढलं गेलं. ब्रीदर साफ झाला आहे. ऑइल बदलायचं काम काकांनी या मुलाला दिलंय, एका अटीवर : “वरचा भरायचा बोल्ट आधी सोडवून बघ. तो सुटला तरच खालचा खोल. नाहीतर सगळं ऑइल जमिनीवर, आणि भरायला वाट नाही.”