पोचा

टेबल टेनिसच्या चेंडूवर अंगठा दाबला, की आधी तेवढी जागा सपाट होते. आणखी जोर दिला, की ‘टक्क’ असा आवाज होऊन तिथे पोचा पडतो. नीट पाहिले, तर पोचा म्हणजे चेंडूचाच एक तुकडा आहे, फक्त आरशातल्या प्रतिबिंबासारखा आत उलटलेला.

पातळ कवच वाकवणे सोपे, ताणणे फार अवघड. जाडी निम्मी केली, तर वाकण्याला होणारा विरोध आठपट घटतो, ताणण्याला होणारा मात्र फक्त निम्म्यावर येतो. म्हणून कवच शक्यतो न ताणता वाकू पाहते. पृष्ठभाग न ताणता वाकवला, तर त्याच्या कोणत्याही बिंदूवरील दोन मुख्य वक्रतांचा (म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी बाकाचा) गुणाकार बदलत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले. वाटी उलटली, की दोन्ही वक्रतांची चिन्हे बदलतात, पण गुणाकार तोच राहतो. म्हणजे गणिताला सुलटी आणि उलटी अशा दोन्ही वाट्या मान्य आहेत. अडचण आहे ती मधल्या वाटेची. तिथे कुठेतरी ताण सोसावाच लागतो, आणि कवच तो पोच्याच्या काठावरच्या अरुंद पट्ट्यात कोंडून ठेवते. या पट्ट्याची रुंदी साधारणपणे त्रिज्या व जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढी असते. त्रिज्या २० मिलिमीटर आणि जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर धरली, तर ती तीन मिलिमीटरही भरत नाही. सारी ओढाताण तेवढ्यात चालते.

वाटी जाड आणि उथळ असेल, तर उलटी अवस्था टिकत नाही. रबराची उड्या मारणारी वाटी याच सीमारेषेवर बनवलेली असते: उलटून टेबलावर ठेवली, की क्षणभर गप्प बसते आणि मग साठवलेली ऊर्जा एकदम सोडून उसळते. खेळण्याच्या मानाने हिशेब फार नाजूक आहे.

अमेरिकेतील कॅरोलायना भागातल्या दलदलीत वाढणारी व्हीनस फ्लायट्रॅप ही वनस्पती हेच करते. तिचा सापळा म्हणजे पानाच्या दोन पाकळ्या; सापळा उघडा असताना त्या बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतात. किडा आतल्या संवेदी केसांना थोड्या वेळात दोनदा लागला, की वनस्पती पाकळीला एका दिशेने वाकवू लागते. परंतु पाकळीला दुहेरी वक्रता असल्यामुळे ती ताणल्याशिवाय वळत नाही, ऊर्जा साठत जाते आणि शेवटी पाकळी सुमारे एक दशांश सेकंदात आत पलटते. फोर्तेर, महादेवन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवले. स्नायू नसलेल्या पानाला एवढा वेग मिळतो, तो केवळ त्याच्या घाटामुळे. सापळा पुन्हा उघडायला मात्र कित्येक तास, किडा सापडला असेल तर कित्येक दिवस लागतात.