१०२४ कप्पे

(दृश्य: शाईची पट्टी, कागदावर एकामागून एक उमटणारी दहा बोटं)

कोलकाता, १८९० च्या दशकातलं. सराईत गुन्हेगार नाव बदलून पुन्हा पकडला गेला, तर ओळखायचा कसा? बंगाल पोलीस शरीराची मापं घेत. डोक्याची लांबी, पावलाची लांबी, कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर. पॅरिस पोलिसांतल्या बर्तियाँची ही पद्धत कागदावर चोख होती. पण एकानं घेतलेलं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळेल तर शपथ!

पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचा भरवसा बोटांच्या ठशांवर होता. ठसे घेणं सोपं. हजारोंच्या ढिगातून नेमका कागद काढणं, हीच खरी डोकेदुखी.

हेन्रींनी प्रेसिडेन्सी कॉलेजकडे गणितात हुशार असा विद्यार्थी मागितला. आले अझीझुल हक. हुद्दा, उपनिरीक्षक. जोडीला दुसरे उपनिरीक्षक, हेमचंद्र बोस.

(दृश्य: दहा रकान्यांचा तक्ता, हातानं भरला जाताना)

हक यांची युक्ती बघा. दहा बोटांच्या पाच जोड्या. बोटावर चक्र, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषा असतील, तर जोडीनुसार १६, ८, ४, २ किंवा १ गुण. शंख, म्हणजे वळून परतणाऱ्या रेषा असतील, तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली. दोन्ही बेरजांत एक-एक मिळवा. फक्त उजव्या तर्जनीवर चक्र असेल, तर उत्तर १७ छेद १. वरचा आणि खालचा आकडा १ ते ३२ मधलाच. म्हणून ३२ उभे, ३२ आडवे, असे एकूण १०२४ कप्पे. कारकून थेट त्या कप्प्याशी जाणार. ज्या कप्प्यांत गर्दी व्हायची, त्यांचे पोटविभाग बोस यांनी पाडले. ठसे तारेनं कळवण्यासाठी सांकेतिक लिपीही त्यांचीच.

यात नवं यंत्र एकही नाही. लाकडी कप्पे, शाई आणि कागद. नवकल्पना म्हणजे महागडी खरेदी, असं मानणाऱ्या प्रत्येक पोलीस खात्यानं हे कपाट एकदा बघावं. हेन्रींनी दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांना वेळ दिला, खात्याच्या नोंदी हाती दिल्या आणि त्यांचं डोकं चालू दिलं.

१८९७ मध्ये कोलकात्याचं अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं, जगातलं पहिलं. त्याच सुमारास जलपायगुडीत चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा सापडला, तो केंद्रातल्या जुन्या नोंदीशी जुळला. आरोपीला चोरीची शिक्षा झाली, खुनाची नाही. नुसत्या ठशावर इतका मोठा निकाल द्यायला न्यायालय धजावलं नाही. आणि त्यात वावगं काय? नव्या साधनाला पुराव्याची कसोटी लागायलाच हवी.

(दृश्य: लंडन, १९०१)

हेन्री लंडनच्या पोलीस दलात गेले, पद्धतही गेली. जगभर तिचं नाव झालं, ‘हेन्री पद्धत’. आपल्या कामाची दखल घ्या, असं सरकारला सांगायची वेळ हक यांच्यावर आली. हेन्रींनी त्यांच्या कामाला लेखी दुजोरा दिला, पण तोवर जवळपास पाव शतक उलटलं होतं. आता ब्रिटनच्या फिंगरप्रिंट सोसायटीचा हक आणि बोस यांच्या नावानं एक पुरस्कार आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र अजून हेन्रीच.